एमडी सायकिअ‍ॅट्री की क्लिनिकल सायकॉलॉजी: फी भरण्याआधी वाचायचं परीक्षण

इथे दोन प्रशिक्षणं समोरासमोर ठेवली आहेत. एक, एमबीबीएसनंतरचं तीन वर्षांचं एमडी सायकिअ‍ॅट्री. दुसरं, मानसशास्त्रात एमए केल्यावरचं दोन वर्षांचं आरसीआय-मान्य (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेलं) क्लिनिकल सायकॉलॉजी, म्हणजे आजवरचं एम.फिल. निकष कुठल्याही महागड्या सेवेला लावावेत तेच: आत शिरायला काय लागतं, आत खरोखर काय शिकवतात, बाहेर पडल्यावर काय करता येतं आणि फसगत कुठे होते.

"लोकांशी बोलायला आवडतं म्हणून सायकॉलॉजी, औषधांत रस म्हणून सायकिअ‍ॅट्री" ही विभागणी आधी बाजूला ठेवा. सायकिअ‍ॅट्रिस्टचा सगळा दिवस बोलण्यातच जातो, आणि थेरपीला आलेल्या पेशंटचे हात थरथरताहेत, तोल जातोय, हे लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला कळलं नाही तर जीवावर बेतू शकतं. खरा फरक वेळेचा आणि सहीचा आहे. सरकारी ओपीडीत एकाला पेशंटमागे जेमतेम दहा मिनिटं मिळतात, पण निर्णय त्याचा असतो. दुसऱ्याला पाऊण तास मिळतो, पण औषधाच्या चिठ्ठीवर सही त्याची नसते. यांतली कुठली अडचण तुम्ही तीस वर्षं सहन करू शकाल, एवढंच ठरवायचं आहे.

आत शिरण्याची वाट

बीए किंवा बीएससी मानसशास्त्र झालेल्यांसाठी सायकिअ‍ॅट्री हा पदव्युत्तर पर्याय नाहीच. त्यासाठी एमबीबीएस लागतं आणि एमबीबीएससाठी नीट. नीटची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली गेली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी नसतील तर ते विषय बारावीनंतर जादा म्हणून दिलेले चालतील, असंही एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे नियमाने दार उघडं आहे. आता वर्षं मोजा: नीटची तयारी किमान एक, एमबीबीएस साडेचार, इंटर्नशिप एक, मग नीट पीजी आणि एमडीची तीन. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून शिकलात तर बाँडची सेवा वेगळी, ती टाळली तर दंड लाखांत. एकविसाव्या वर्षी सुरुवात केली तरी स्वतःचा दवाखाना तिशी उलटल्यावरच. घरून दहा वर्षं पाठबळ असेल आणि अ‍ॅनाटॉमी-फार्माकॉलॉजीशी झुंजायची तयारी असेल तर जा. नावामागे 'डॉ.' लागावं एवढ्यासाठी जाऊ नका.

एमबीबीएस झालेल्यांसमोर खरी निवड असते, आणि बरेचदा ती रँक करते. नीट पीजीत २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला एक वजा. रेडिऑलॉजी किंवा मेडिसिन हुकलं म्हणून सायकिअ‍ॅट्री घेतलेले दुसऱ्या वर्षाला कंटाळतात, कारण या शाखेत पेशंट झटपट बरा होऊन जात नाही. इंटर्नशिपमधली सायकिअ‍ॅट्रीची सक्तीची पोस्टिंग दोनच आठवड्यांची असते. ती सही घेण्यापुरती उरकू नका. आरडाओरडा करणारा मेनियाचा (अति उत्तेजित अवस्थेतला) पेशंट सगळेच बघायला जातात. त्यापेक्षा दहा वर्षं त्याच गोळ्या घ्यायला आईबरोबर येणारा स्किझोफ्रेनियाचा पेशंट बघा. त्याच्याशी बोलताना जीव रमला तर ही शाखा तुमची.

उलट्या दिशेने, म्हणजे एमबीबीएस होऊन क्लिनिकल सायकॉलॉजीकडे जाणं, आमच्या मते तोट्याचा सौदा आहे. एम.फिल.ला मानसशास्त्रातली एमए किंवा एमएससी लागते, किमान ५५ टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना ५०). म्हणजे दोन अधिक दोन अशी चार वर्षं घालायची आणि औषधाचा अधिकार वापरायचा नाही. थेरपीच शिकायची असेल तर तीन वर्षांत एमडी करून पुढे सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी थेरपी) किंवा कपल थेरपीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं बरं.

एमडीच्या तीन वर्षांत काय मिळतं

या प्रशिक्षणाची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे मनाच्या तक्रारीमागचं शरीर वाचता येणं. उदास, सुस्त बाईचा थायरॉइड, शुद्ध शाकाहारी माणसाचं कमी झालेलं बी-१२, चार दिवसांत अचानक 'वेड्यासारखं' बोलू लागलेल्या आजोबांचं घसरलेलं सोडियम किंवा लघवीतलं इन्फेक्शन. पहिल्या वर्षाच्या रात्रपाळीत हे अंगवळणी पडतं. दारू सुटलेला पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या घोटानंतर ४८ ते ७२ तासांत, भ्रमात जाऊ शकतो. त्याला ग्लुकोज लावण्याआधी थायमिन द्यायचं असतं. अशा गोष्टी पुस्तकात असतातच, पण रात्री दोनला सर्जरी वॉर्डातून कॉल आल्यावर त्या पक्क्या होतात.

औषधशास्त्रही असंच हिशेबी आहे. लिथियमची रक्तातली पातळी सर्वसाधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटर ठेवायची, नमुना शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचा. १.५ च्या वर गेली की विषबाधेची भीती. भर उन्हाळ्यात जुलाब झालेला पेशंट मेडिकलमधून आयबुप्रोफेनची गोळी घेतो आणि पातळी चढते, ही नेहमीची वाट. स्किझोफ्रेनियाचं क्लोझापिन सुरू केलं तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या. लहान मुलांच्या एडीएचडीतलं (लक्ष न लागणं, अतिचंचलता) मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधवाला ठेवून घेतो. ईसीटी (मेंदूला विजेचा झटका देण्याचा उपचार) भुलीशिवाय देण्याला मानसिक आरोग्य कायदा, २०१७ ने बंदी घातली आहे. ती बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण सहा ते बारा दिली जाते. सिनेमातल्या दृश्याशी तिचा संबंध उरलेला नाही, पण नातेवाइकांना हे समजावण्यात निवासी डॉक्टरचा बराच वेळ जातो.

तीन महिने जिल्हा रुग्णालयातली रेसिडेन्सी सक्तीची आहे. तिला कंटाळणारे बरेच. खरं तर तालुक्याच्या गावातली प्रॅक्टिस कशी असते याचं दर्शन तिथेच होतं: दारू, फिट्स, अंगात येणं, कीटकनाशक पिऊन वाचलेली मुलगी, आणि या सगळ्यांना तपासायला एकच टेबल.

आता उणी बाजू. सायकोथेरपीचं प्रशिक्षण बहुतेक मेडिकल कॉलेजांत कच्चं असतं. ओपीडीत गर्दी एवढी की आठवड्याला एक पेशंट पाऊण तास घेऊन बसायला जागाही नसते आणि युनिटला सवडही नसते. परीक्षेत लाँग केस, शॉर्ट केस आणि व्हायव्हा चांगला गेला की पदवी मिळते. बारा सत्रांची सीबीटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न केलेला एमडी बाहेर पडू शकतो. दुसरी अडचण थेसिसची. विषय आणि सिनॉप्सिस पहिल्या काही महिन्यांत एथिक्स कमिटीकडे गेला नाही तर दुर्मीळ आजाराचे पेशंट मिळवताना तिसरं वर्ष जातं. विषय निवडताना आपल्या ओपीडीत रोज कोणते पेशंट येतात ते बघा, मार्गदर्शकाची आवड नंतर.

पुढे जायचं असेल तर बालमानसोपचार, व्यसनमुक्ती आणि वृद्धांचं मानसिक आरोग्य यांत डीएम ही एमडीनंतरची पदवी आहे. जागा मोजक्या, बहुतेक महाराष्ट्राबाहेर.

क्लिनिकल सायकॉलॉजी: माल चांगला, लेबल गोंधळाचं

इथे जरा जास्त थांबायला हवं, कारण फसगत इथेच होते.

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण हे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया कायदा, १९९२ आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा ठरवतात. आरसीआयने मान्य केलेली पात्रता आणि केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सीआरआरमध्ये, नाव. एवढंच. विद्यापीठाने आपल्या एमएला 'क्लिनिकल सायकॉलॉजी' असं नाव दिलं म्हणून तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. मानसशास्त्रातली पीएच.डी. असली, तरी आरसीआयची पात्रता नसेल तर नोंदणी होत नाही. ऑनलाइन 'सर्टिफाइड थेरपिस्ट' कोर्सची तर गोष्टच सोडा. नोंदणीशिवाय काम केल्यास १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजाराचा आकडा वाचून हसू येतं, आणि बाजारात एवढे बिगर-नोंदणीवाले का फिरतात तेही कळतं.

त्यात आता संक्रमणाचा काळ. यूजीसीने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन शाखांना २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली गेली. दरम्यान आरसीआयने नव्या रचनेचे अभ्यासक्रम आणले: बारावीनंतर चार वर्षांचं ऑनर्स, पुढे दोन वर्षांचं एमए आणि वर साय.डी. ही डॉक्टरेट. म्हणजे 'एमए क्लिनिकल सायकॉलॉजी' याच नावाखाली आता आरसीआय-मान्य आणि अमान्य, दोन्ही प्रकार मिळतात. जाहिरात वाचून भागत नाही. आरसीआयच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम आणि राज्यानुसार मान्य संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचं नाव, मान्यतेचा कालावधी आणि जागांची संख्या बघायची. मान्यता ठरावीक वर्षांपुरती असते. तुमच्या प्रवेशाचं वर्ष त्यात बसत नसेल, तर "रिन्युअल प्रोसेसमध्ये आहे" या उत्तरावर एक पैसाही भरू नका.

जागा हे दुसरं दुखणं. एका संस्थेत बहुधा डझनभर किंवा त्याहूनही कमी. बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी, दिल्लीचं इहबास, तेजपूरची संस्था यांच्या प्रवेशपरीक्षांना देशभरातून मुलं बसतात. महाराष्ट्रात पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था हे सरकारी ठिकाण. सरकारी संस्थेत फी कमी, काही ठिकाणी विद्यावेतनही. खासगी विद्यापीठात दोन वर्षांची फी लाखांत जाते. प्रवेशपरीक्षेला सायकोपॅथॉलॉजी (मनोविकारांचा अभ्यास), संख्याशास्त्र आणि चाचण्यांची तत्त्वं पक्की लागतात. मुलाखतीत समोर केस ठेवून "पुढे काय विचाराल?" असं विचारतात, आणि पाठ केलेल्या व्याख्या तिथेच गळतात. दूरस्थ पद्धतीने एमए केलं असेल तर त्या-त्या संस्थेची अट आधी वाचा, काहींना नियमित पदवीच हवी असते.

एम.फिल.चा अभ्यासक्रम मात्र दमदार आहे. पहिल्या वर्षी सायकोपॅथॉलॉजी, सायकिअ‍ॅट्री, संख्याशास्त्र आणि मूल्यमापन. दुसऱ्या वर्षी वर्तनाचा जैविक पाया, सायकोथेरपी, बिहेवियरल मेडिसिन आणि प्रबंध. पाच सविस्तर सायकोडायग्नॉस्टिक अहवाल आणि पाच थेरपीच्या नोंदी सादर कराव्या लागतात. पाच हा आकडा छोटा वाटतो. पण पेशंट सोलापूरहून येतो, दोन सत्रांनंतर पीक काढणीला निघून जातो, आणि नोंद अर्धवट राहते. म्हणून पहिल्या वर्षाच्या शेवटापासूनच आठ-दहा पेशंट हाताशी ठेवावे लागतात, त्यातले पाच तडीस जातात.

चाचण्यांबद्दल खुलेपणाने बोलायला हवं. बुद्ध्यंकासाठी बिने-कामत आणि मिसिक, सामाजिक परिपक्वतेसाठी व्हाइनलँड, शिकण्याच्या अडचणींसाठी निम्हान्सची बॅटरी, ऑटिझमसाठी इसा, पुढे रोर्शाकची शाईच्या डागांची दहा कार्डं. बिनेच्या चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर कामतांनी केलं, हा आपल्याकडचा मोठा वारसा. पण यांतल्या बुद्ध्यंक चाचण्यांचे नॉर्म्स (तुलनेचे मापदंड) कित्येक दशकं जुने आहेत. जुन्या नॉर्म्सवर मुलाचा बुद्ध्यंक खऱ्यापेक्षा जास्त येण्याकडे कल असतो. सीमारेषेवरच्या मुलाला त्यामुळे ४० टक्के अपंगत्वाचा दाखला नाकारला जाऊ शकतो, आणि त्याबरोबर परीक्षेतल्या सवलतीही. आकड्याबरोबर मूल कपडे स्वतः घालतं का, दुकानातून सुट्टे पैसे बरोबर आणतं का, हे लिहिणारा अहवालच कामाचा. इसामध्ये ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण, ७० किंवा त्याहून जास्त आले तर ऑटिझम. पण आईला विचारून पटापट भरलेला इसा आणि मुलाला तासभर खेळवून भरलेला इसा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि हेच प्रशिक्षणातलं सगळ्यात मोठं दुखणं. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी दाखल्यांसाठीचं चाचणी-यंत्र बनतात: सकाळपासून दुपारपर्यंत बुद्ध्यंक, दुपारनंतर अहवाल. थेरपी मिळते ती सुपरव्हिजनशिवाय. "पेशंट घे, काही अडलं तर विचार" याला सुपरव्हिजन म्हणत नाहीत. सत्राचं ध्वनिमुद्रण किंवा शब्दशः नोंद शिक्षकासमोर ठेवून, तुमचा कोणता प्रश्न का चुकला हे ऐकायचं, याला म्हणतात.

बाहेर पडल्यावर

कायदा स्पष्ट आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम १०६ सांगतं की आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचं औषध वा उपचार सुचवायचा नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने "झोपेची अमुक गोळी घ्या" म्हणणं इथेच अडकतं. पण या कायद्याने त्याला वजनही दिलं आहे: कलम ८९ खाली पेशंटला त्याच्या संमतीविना भरती करताना दोघांनी वेगवेगळं तपासायचं असतं. एक सायकिअ‍ॅट्रिस्टच हवा, दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असू शकतो. ही भरती तीस दिवसांपर्यंतची. सायकिअ‍ॅट्रिस्टने भरतीची सोय ठेवली तर त्या जागेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. नुसत्या ओपीडीला तो व्याप नाही.

पैशाचं गणित गावावर अवलंबून आहे. देशात दर लाख लोकसंख्येमागे सायकिअ‍ॅट्रिस्ट जेमतेम पाऊण, म्हणजे ०.७५. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी एमडी झालेल्याला दोन खुर्च्या, एक टेबल आणि शेजारी औषधाचं दुकान एवढ्यावर प्रॅक्टिस उभी करता येते. यंत्रसामग्रीचं कर्ज नाही. तिथे थेरपीवर पोट भरणं मात्र कठीण, कारण गोळीला पैसे देणारा माणूस बोलण्याला देताना का-कू करतो. विमाही बहुधा भरतीचा खर्च देतो, आठवड्याच्या सत्राचा नाही. म्हणून नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरभोवती गोळा होतात. छोट्या गावात राहायचंच असेल तर शाळांशी करार, मुलांचं मूल्यमापन आणि उरलेल्या वेळात ऑनलाइन सत्रं असा मेळ घालावा लागतो. एका दिवसात चांगली सत्रं पाच-सहाच होतात. आठव्या सत्रात कान बधिर झालेले असतात. उत्पन्नाची कमाल मर्यादा इथेच ठरते, आणि एमडीपेक्षा ती खाली असते. नोकरीत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात दोघांनाही पदं आहेत. सायकॉलॉजिस्टची बरीचशी कंत्राटी. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीची संस्था, इथे दोन्ही बाजूंचं काम जवळून दिसतं.

नोंदणी जिवंत ठेवण्याचा खर्चही धरा. सीआरआरचं नूतनीकरण सततच्या प्रशिक्षणाचे गुण दाखवून करावं लागतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं पाच वर्षांनी, तीस क्रेडिट दाखवून.

परदेशाचं स्वप्न असेल तर एमडीचा रस्ता लांब पण ठरलेला: अमेरिकेत यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि पुन्हा चार वर्षांची रेसिडेन्सी, ब्रिटनमध्ये एमआरसीसायक ही परीक्षा. क्लिनिकल सायकॉलॉजीत अमेरिका डॉक्टरेट मागते, ब्रिटनमध्ये एचसीपीसी या नियामक संस्थेची नोंदणी लागते, आणि इथलं एम.फिल. सरळ चालत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको (२००२) आणि लुइझियाना (२००४) यांसारख्या काही राज्यांत जादा प्रशिक्षण घेतलेल्या सायकॉलॉजिस्टना औषधं लिहिता येतात, हे वाचून इथे कुणी तसा बेत आखू नये.

प्रवेश नक्की करण्याआधी त्या विभागात जाऊन शिक्षकांना नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. एमडीवाल्यांना विचारा: आठवड्याला किती इमर्जन्सी ड्यूट्या, थेसिसचे पेशंट पूर्ण झाले का, आणि सीबीटीची एक तरी केस कुणी बसून शिकवली का. क्लिनिकल सायकॉलॉजीवाल्यांना विचारा: गेल्या महिन्यात बुद्ध्यंक किती केले, थेरपीची सत्रं किती, आणि त्यातली किती सत्रं शिक्षकाने ऐकली. शेवटच्या प्रश्नाला उत्तराऐवजी हसू मिळालं, तर दुसरी संस्था बघा.